मी उतरवलेला चोला

माझ्या सासूबाई पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणायच्या, "ही मूर्त्यांना आंघोळ घालते." पाहुणे आधी हसायचे आणि मग माझ्याकडे थोड्या आदराने बघायचे, कारण मी कुठल्या तरी मंदिरात पूजा सांगते असा त्यांचा समज व्हायचा. त्यावर सासूबाई पुन्हा म्हणायच्या, "काहून हसता जी? सरकारी नोकरी आहे तिची. एम.एस्सी. होऊन आंघोळ घालून राहिली."

आता निवृत्त झाल्यावर वाटतं, माझ्या कामाची याहून सोपी व्याख्या मलाही जमली नसती. एकतीस वर्षं मी जबलपूरच्या चेरीताल भागातल्या घरून रिक्षाने संग्रहालयात जात होते आणि मागच्या अंगाच्या एका लांबट खोलीत मूर्त्यांना आंघोळ घालत होते. दारावर 'रासायनिक संरक्षण' अशी पाटी होती. शिपाई मात्र त्या खोलीला दवाखाना म्हणत, आणि तेच बरोबर होतं.

लोकांना वाटतं, दगड तो दगड, त्याला काय होणार? दगड पाणी पितो हे मला पहिल्या महिन्यात कळलं. आमच्याकडच्या बहुतेक मूर्त्या रेतीच्या दगडाच्या. जमिनीतली ओल त्यांच्यात चढते, ओलीबरोबर क्षार चढतात, पाणी उडून जातं आणि क्षार आतच राहून फुगतात. मग हजार वर्षं टिकलेला एखादा गुडघा बिस्किटासारखा हातात येतो. त्यावर उपाय साधा आहे. कागदाचा लगदा शुद्ध पाण्यात भिजवून त्याचा जाड लेप द्यायचा आणि वाळू द्यायचा. गळवावर पोटीस बांधतात ना, तसंच. वाळताना लगदा आतले क्षार ओढून घेतो. असे दहा-बारा लेप झाले की दगडाला जरा आराम पडतो. या कामात घाई केलेली चालत नाही, आणि माझा स्वभाव मुळात घाईचा. नोकरीने मला आणखी काही दिलं नसेल, पण थोडी सबुरी नक्की दिली.

दुसरा नियम त्याहून मोठा. मूर्तीवर आपण जे काही करू ते पुढे कुणाला काढून टाकता आलं पाहिजे. जोडायला लावलेला डिंक सुटला पाहिजे, भरलेली भेग पुन्हा उकलता आली पाहिजे. आपल्यानंतर येणारा माणूस आपल्यापेक्षा शहाणा असणार, हे धरूनच चालायचं. आमच्या आधीच्या कुणा उत्साही माणसाने देवतांचे हात सिमेंटने चिकटवून ठेवले होते. ते सोडवता सोडवता माझी दोन वर्षं गेली आणि त्या अनामिक माणसाला मी मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की त्याला उचक्यांनी झोप लागली नसेल.

हे सगळं मी पुस्तकात शिकले असले, तरी हाताने शिकवलं ते हल्के भैयांनी. हल्के भैया भेडाघाटच्या दगड कोरणाऱ्या घरातले. संग्रहालयात ते मूर्त्या उचलायला रोजंदारीवर आले आणि कायम झाले. शिक्षण चौथीपर्यंत. बोटाच्या पेराने दगडावर टकटक करून आत पोकळ कुठे आहे ते सांगायचे, आणि नंतर यंत्र आलं तेव्हा यंत्रही तेच सांगायला लागलं. एकदा एका नर्तिकेच्या कमरपट्ट्याशी मला थांबवून म्हणाले, "देखो दीदी, इतै उस्ताद की छेनी फिसल गई. फिर उनने जेई को फूल बना दओ." मी वाकून पाहिलं. सगळा पट्टा मण्यांचा होता आणि एकाच जागी फूल होतं. हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराची चूक पकडून त्याला मान देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गिऱ्हाइकं म्हणावीत अशी माणसंही आम्हाला भेटत. मराठ्यांच्या चाकरीत इकडे येऊन स्थिरावलेल्या घराण्यातल्या एका काकांनी घरातली पितळेची अन्नपूर्णा संग्रहालयाला दिली होती. दर महिन्याला ते तिला भेटायला यायचे. ती काळवंडत चालली हे त्यांना बघवेना. धातूवर आपोआप चढलेला तो रंग तिचं रक्षण करतो, हे मी त्यांना तीनदा समजावलं. चौथ्या खेपेला ते कपाट उघडं सापडताच खिशातून चिंच काढून चक्क घासायला लागलेले दिसले. मी धावत गेले. "अहो बाई, आमच्याकडे दर शुक्रवारी चिंच लागायची तिला," डोळ्यांत पाणी आणून ते म्हणाले, "तुम्ही तिला पारोशी ठेवता." मी तेव्हा त्यांच्यावर रागावले होते. आपलं तेच शास्त्र आणि दुसऱ्याचा तो वेडेपणा, असं मानण्याचं माझं वय होतं.

आता ज्या मूर्तीसाठी हे लिहायला बसले, तिच्याकडे येते.

नर्मदेवर वरच्या अंगाला धरण झालं आणि पाणी चढायला लागलं. बुडणाऱ्या गावांतल्या जुन्या मूर्त्या ट्रकमधून आमच्याकडे आल्या. त्यात एका गावची खेरमाई होती. इकडे प्रत्येक गावाची एक खेरमाई असते. वेशीवर छोटी मढिया, म्हणजे ओटा आणि वर जेमतेम छप्पर, आणि त्यावर देवी. ही देवी म्हणजे कमरेइतका उंच शेंदराचा लाल गोळा होता. तेल आणि शेंदराचे थर पिढ्यानपिढ्या चढत गेलेले. या शेंदराच्या पांघरुणाला इकडे चोला म्हणतात. डोळ्यांच्या जागी दोन खळगे दिसत होते, कारण चांदीचे डोळे गावकऱ्यांनी काढून सोबत नेले होते. गावाची माणसं मंडल्याच्या रस्त्यावर नव्या वसाहतीत गेली.

त्यानंतर एक गंमत सुरू झाली. संग्रहालयाच्या टपालात लग्नपत्रिका यायला लागल्या. हळदीचं बोट लावलेली पत्रिका आणि पत्ता 'श्री खेरमाई, अजायबघर, जबलपूर'. लग्नाचं पहिलं आमंत्रण गावच्या देवीला देण्याची रीत आहे. देवी आमच्याकडे, म्हणून आमंत्रणही आमच्याकडे. कार्यालयातले बाबू त्या पत्रिका आवक रजिस्टरात चढवून फायलीला लावत आणि आम्ही सगळे हसत असू. मीही हसले. तेव्हाच डोकं चालवलं असतं तर पुढचं टळलं असतं.

देवीच्या तळाशी ओल दिसत होती. तेलकट थरांनी आतलं पाणी कोंडलं होतं. एके ठिकाणी शेंदराचा पोपडा सुटला तो दगडाचा पापुद्रा घेऊनच. मी साहेबांकडे गेले. आमचे संग्रहाध्यक्ष शांत, कमी बोलणारे. "काढायलाच हवा का?" त्यांनी विचारलं. मी ओलीवर, क्षारांवर अर्धा तास बोलले. बोलले ते सगळं खरं होतं. पण निम्मं कारण ओल होती आणि निम्मं कारण मी. त्या गोळ्याच्या आत काय आहे ते मला बघायचं होतं.

चार महिने लागले. आधी तिकिटाएवढ्या जागेवर द्रावण वापरून पाहायचं, मऊ झालेला थर बांबूच्या पातळ पट्टीने उचलायचा, कापसाने टिपायचं. पोपडा आडवा कापून भिंगाखाली धरला तर कांद्यासारखे थर. मोजता मोजता मी चाळिसाव्या थरानंतर सोडून दिलं. घरी सासूबाई म्हणायच्या, "हाताला काय लाल लावून राहिली रोज? साबणाने तरी निघू दे."

पहिल्या दिवशी हल्के भैयांनी हात जोडून विचारलं होतं, "दीदी, एक नारियल फोर दें?" मी म्हटलं, ही प्रयोगशाळा आहे. आठवड्याने त्यांनी पुन्हा विचारलं, "जो निकरत जा रओ, जाखों सिराहें कितै?" सिराना म्हणजे नदीत सोडणं. देवाने अंगावरचं शेंदराचं कवच टाकलं की ते वाजतगाजत नदीत सोडतात. आपल्याकडेही ही रीत आहे, मला ठाऊक नव्हती असं नाही. पण मी म्हटलं, "सिरवायचं नाही भैया. पाकिटात भरायचं, नंबर घालायचे आणि कपाटात ठेवायचं. संग्रहालयाची वस्तू आहे ती." भैयांनी मान हलवली आणि सुवाच्य अक्षरात नंबर घालायला घेतले. बहात्तर पाकिटं झाली.

आतून जी निघाली ती बघत साहेब तिच्याभोवती दोनदा फिरले. हजार वर्षांपूर्वीची, कलचुरी काळातली देवी. गळ्यातल्या हाराचा पदर न् पदर वेगळा, केसांच्या अंबाड्यातून सुटलेली एक बट मानेवर, आणि बसण्यात असा सहजपणा की हाक मारली तर उठेल. ज्याने ती घडवली त्या हाताला मी मनोमन नमस्कार केला. तिला दर्शनी दालनात जागा मिळाली, लोक दुरून बघायला यायला लागले. साहेबांनी माझं कौतुक केलं आणि मी ते पोटभर घेतलं.

चैत्रातल्या नवरात्रात, सकाळी, पहारेकऱ्याने मला बोलावलं. दालनात नव्या वसाहतीतून आलेल्या तीन बाया उभ्या होत्या. त्यांतली म्हातारी गोमती बऊ, बऊ म्हणजे इकडे आजी, हातात ताट धरून होती. ताटात शेंदूर, तेलाची वाटी, भिजवलेले हरभरे. ती देवीच्या समोरून तीनदा गेली होती आणि पुन्हा विचारत होती, "हमाई खेरमाई कितै हैं?"

मी अभिमानाने बोट दाखवलं. "ये क्या, यहीं तो हैं!"

बऊने पाहिलं. वरून खाली, खालून वर. मग विचारलं, "इनको चोला?"

हल्के भैया माझ्या मागे येऊन उभे होते. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "मैया नें खुदई छोड़ दओ, बऊ."

बऊ माझ्याकडे वळली. माझ्या हातांकडे तिचं लक्ष असावं. "काए बिन्ना, मैया नें छोड़ो, कै तुमनें छुड़ाओ?"

भैयांनी मला वाट करून दिली होती. हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण त्या बाईपुढे मला खोटं बोलता येईना. "मैंने निकाला, बऊ," मी म्हटलं.

"और सिराओ?"

"नहीं. अलमारी में है."

बऊ तिथेच फरशीवर बसली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. हळू आवाजात ती बोलत राहिली आणि मला पहिल्यांदा समजलं की मी काय करून बसले आहे. चोला उतरला आणि सोडला नाही, म्हणजे देवी ना इकडची ना तिकडची. जिचा चोला अडकला आहे तिला आमंत्रण पोचत नाही. बऊच्या नातीचं, मुन्नीचं, लग्न जेठात, म्हणजे ज्येष्ठात, ठरलं होतं. "चोला सिरे बिना न्योता नईं, न्योता बिना ब्याव नईं," बऊ म्हणाली. "अब हम मोड़ी के ससुरार वालन खों का कैहैं?" मुलीकडचे दुसऱ्यांदा मुहूर्त पुढे ढकलायला सांगतात असं झालं तर सोयरीक मोडणार होती, हे बरोबरच्या बाईने सांगितलं. पहिल्यांदा विस्थापनामुळे ढकलला होता.

दुसऱ्याला काढता येईल असंच करायचं, हा आमचा धर्म, आणि मी केलेलं एकमेव काम जे कुणालाच उलटवता येणार नव्हतं ते हे. चाळीस थर परत कोण चढवणार? त्यांतला एकेक थर कुठल्या तरी बाईच्या बोटाने चढवला होता. कुणाचं बाळंतपण, कुणाचा ताप, कुणाची मुलगी. मी त्यांना थर क्रमांक एक, थर क्रमांक दोन म्हटलं.

मी बऊला म्हटलं, पाकिटं मी देते, आपण नर्मदेत सोडू. आणि म्हणता म्हणता माझ्यातली रसायनवाली जागी झाली. त्या शेंदरात शिसं होतं, मीच तपासलं होतं. किलोच्या किलो शिसं नदीत कसं सोडू? मी चाचरत सांगितलं की बऊ, यात विष आहे, मासे मरतील, खाली लोक तेच पाणी पितात. मला वाटलं आता ती खरंच चिडेल. तिने हातातलं ताट फरशीवर ठेवलं. मग म्हणाली, "तौ मढ़िया में धर दो. जहाँ सें मैया उठीं, उतई."

"मढ़िया तो पानी में है, बऊ."

"जेठ में निकरत है," बऊ म्हणाली. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की गाव काही दिवस वर येतं, हे शहरात राहणाऱ्या मला माहीत नव्हतं.

साहेबांपुढे मी सगळं सांगितलं, माझी चूकही सांगितली. संग्रहालयाच्या मालकीची वस्तू बाहेर जाणार कशी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता आणि त्यात त्यांची नोकरीही गोत्यात आली असती. शेवटी त्यांनी टिपण मागवलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, 'प्रत्येक पाकिटातील चिमूटभर नमुना राखून उर्वरित अवशेष मूळ स्थळी पुनःस्थापित करावेत.' खाली सही. मला म्हणाले, "चला, निदान भाषा तरी सरकारी झाली." त्या सहीसाठी मी त्या माणसाला आयुष्यभर मानत आले.

हल्के भैयांनी भेडाघाटहून संगमरवराचा एक तुकडा आणला आणि रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी बसून त्याची पेटी कोरली. झाकण इतकं नेमकं की फटीत कागद जाईना. आतून राळ दिली, म्हणजे पाणी पुन्हा चढलं तरी आतलं बाहेर येणार नाही. मी पाकिटं फोडून शेंदूर त्यात ओतला. नंबर घातलेली रिकामी पाकिटं टेबलावर पडली होती. भैयांनी त्या दिवशी नारळ आणला होता. या वेळी मी नाही म्हटलं नाही.

जेठाच्या सुरुवातीला आम्ही गेलो. जीप जिथवर जाईल तिथवर आणि पुढे पायी. वाळलेल्या गाळाला हातभर रुंद भेगा पडलेल्या आणि त्यातून वर आलेल्या घरांच्या जोत्यांच्या रांगा. नव्या वसाहतीतून तीस-चाळीस बाया आल्या होत्या. छप्पर नाही, भिंत नाही, पण त्या रस्त्याने चालत असल्यासारख्या वळणावर वळत होत्या. "जा हमाओ आँगन." "इतै कक्का बैठत ते." एक तरणी बाई जोत्याच्या पायरीशी आली तेव्हा तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. ते तिचं सासर होतं.

मढियाचा ओटा गाळाखाली शाबूत होता. भैयांनी दगड सरकवून खड्डा केला. पेटी मी ठेवावी असं बऊ म्हणाली. "जौन उतारे, बोई धरे." मी गुडघ्यांवर बसले आणि पेटी आत उतरवली. भैयांनी चुन्याने सांधा बंद केला. बायांनी एकेक मूठ माती टाकली, गाणं म्हटलं. मग बऊने पदराच्या गाठीतून मुन्नीच्या लग्नाची पत्रिका काढली, तिला हळद लावली आणि माझ्या हातात दिली. मला रडू आवरेना.

परत निघताना त्या तरण्या बाईने बऊला विचारलं, "बऊ, तुमनें तौ देखीं. मैया अब कैसी दिखातीं?"

बाया थांबल्या. त्यांच्यापैकी बहुतेकींनी देवीला शेंदराशिवाय कधी पाहिलं नव्हतं. दालनात बऊने देवीकडे क्षणभरच पाहिलं होतं, पुढे ती फरशीवर बसली ती माझ्याकडेच बघत.

बऊ सांगायला लागली. हार किती पदरी आहे ते सांगितलं. कानातलं कसं आहे, पायात काय आहे, मानेवर बट कशी सुटली आहे. एकही तपशील चुकला नाही. आणि मग म्हणाली, "और हँस रईं मैया. हम औरें सिंदूर चढ़ात रये, चढ़ात रये, हमें का पता कै भीतर बैठीं हँस रईं."

बाया हसल्या, काहींनी डोळे पुसले. मला देवी हसताना दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी दालन उघडायच्या आधी पोचले. चोला उतरवताना लिहिलेला माझा अहवाल बरोबर घेतला होता. चेहऱ्यावर मी अकरा दिवस काम केलं होतं, ओठ माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होते. अहवालात माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'ओठांचा उजवा कोपरा झिजलेला.' मी खिडकी उघडली, उजेड बाजूने येऊ दिला आणि देवीसमोर उभी राहिले. झीज नव्हती. छिन्नीने तो कोपरा हलकेच वर उचललेला होता. ती हसत होती.